हिरव्या चिठ्ठ्या

तो फळा बेबीनंदानेच आणला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की बिचारीला भलत्याच माणसाने अडकवलं.

जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर बद्रीनाथ सरांची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे चार माणसं: खुद्द सर, बेबीनंदा, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा देवानंद आणि ग्राहकांचे फोन घेणाऱ्या पुष्पाबाई. बियाणं कंपन्यांना लागणारा प्रोग्राम हे लोक चालवत. बियाणं कोणत्या गावच्या प्लॉटचं, उगवण किती टक्के निघाली, कोणता लॉट पास, कोणता नापास आणि पिशवीवर काय छापायचं, सगळं त्यातून निघायचं. बेबीनंदा, टेंभुर्णीच्या तातेराव मास्तरांची मुलगी, एमसीए झाली तेव्हा औरंगाबादेत सहा ठिकाणी तिला नकार मिळाला होता. बद्रीनाथ सरांनी फक्त एकच विचारलं, "उद्यापासून येशील का?" ते वर्ष २००२. त्यानंतर तो प्रोग्राम तिने एकटीने उभा केला, आणि सहा वर्षांत त्याच्या पोटात काय काय आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक उरलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर सरांनी तिला पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथे कानबान नावाची पद्धत शिकवली. भिंतीवर तीन रकाने करायचे: करायचं, चालू, झालं. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहायचं. चालूमध्ये ठरल्यापेक्षा जास्त चिठ्ठ्या घ्यायच्या नाहीत, एक संपली तरच दुसरी ओढायची. रोज सकाळी फळ्यासमोर उभं राहून प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय. अडलेलं काम लाल चिठ्ठीवर लिहायचं, आणि लाल चिठ्ठी सोडवायची साहेबाने. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

पण बेबीनंदाचं मन बसलं ते निराळ्याच गोष्टीवर. शिबिर ज्या कंपनीत होतं तिथे एका दालनात चाळीस जण बसले होते, आणि एक मुलगी दुसरीच्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणत होती, "हे चुकतंय तुझं." सहा वर्षांत बेबीनंदाला असं कुणी म्हणालं नव्हतं. तिचं चुकत नव्हतं असं नाही, कळणारं कुणी नव्हतं. चाळिसातली एक व्हावं, आपण एक दिवस आलो नाही तरी कुणाचं अडू नये, असं तिला तिथे इतकं तीव्रपणे वाटलं की डोळे भरून आले.

ती परतली ती रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन. माडीच्या भिंतीवर चिठ्ठ्या टिकेनात, चुना धरायच्या आणि पंखा लावला की झडायच्या. मग जुन्या कपाटाचं सनमायकाचं दार काढून ते भिंतीला ठोकलं. हिरवा रंग तिचा, पिवळा देवानंदचा. चालूमध्ये माणशी किती चिठ्ठ्या, यावर मोठीच चर्चा झाली असती, पण लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर दोनच कॉम्प्युटर चालत, आणि लाइट तर अर्धा दिवस नसायचीच. दोघांनी एकेक घ्यावी, असं इन्व्हर्टरनेच ठरवलं.

आठवडाभरात फळा भरला. एकवीस हिरव्या, चार पिवळ्या. हेच तर तिला दाखवायचं होतं. आता तरी सरांना दिसेल, दोन माणसं वाढवतील. सर चष्मा पुसून फळ्यासमोर उभे राहिले, पाच मिनिटं बघत राहिले, आणि एका बियाणं कंपनीच्या मॅनेजरला वर बोलावून म्हणाले, "बघा, आमच्या बेबीशिवाय हितं पानसुद्धा हलत न्हाई." मॅनेजरने मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर बेबीनंदाला तेव्हा बरं वाटलं. मूर्खपणाच तो, पण वाटलं.

तिने त्या पुण्याच्या कंपनीत अर्ज केला होता, आणि मार्चमध्ये तिथलं पत्र आलं. पाच मे, सोमवार, सकाळी दहाला रुजू व्हा. सोबत आधीच्या कंपनीचं सोडपत्र आणा, त्याशिवाय घेता येणार नाही. ती सरांकडे गेली. सरांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. आवाज चढवणारा माणूस असता तर तिचं काम सोपं झालं असतं.

"जा की, बेटा," ते म्हणाले. "मी कोण अडवणारा? फक्त हिरवं तेवढं संपू दे. सीझन हाय. एक बी नापास लॉट पिशवीत गेला तर पेरणाऱ्यानं कोणाकडं बघायचं?"

तिच्या स्वतःच्या घरी चार एकर कपाशी होती.

मग तिने देवानंदला शिकवायला घेतलं. कीबोर्ड त्याच्या हाती, ती शेजारच्या खुर्चीवर. चुकलं की ती बोट दाखवायची, "हे चुकून राह्यलं तुझं." एकेक हिरवी चिठ्ठी त्याला समजली की ती पिवळ्यावर उतरवायची. चौदा एप्रिलला टेंभुर्णीला जयंतीची मिरवणूक होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या दिवशी गावात नव्हती. आई, केशरबाई, फोनवर म्हणाली, "पुण्याला जायच्या अगुदर तरी तोंड दाखवून जा." बेबीनंदाने हो म्हटलं. फळा रोज थोडा थोडा पिवळा होत होता, आणि तिला जेवण जाऊ लागलं होतं. एप्रिल संपत आला तेव्हा चारच हिरव्या उरल्या होत्या.

अठ्ठावीस एप्रिलला, सोमवारी, देवानंद आला नाही. फोन बंद. अकरा वाजता पुष्पाबाईंचं लक्ष फळ्याकडे गेलं. झालंच्या रकान्यात, सगळ्यात खाली, एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एकच शब्द होता: देवानंद.

बेबीनंदाला आधी हसू फुटलं. पोरगं पद्धत बरोबर शिकलं होतं. दुपारी त्याच्या भावाने फोनवर सांगितलं, "तो तं शनवारीच हैदराबादला गेला. तिथल्या लोकायला कागदबिगद काई लागत न्हाई म्हणे." तेव्हा मात्र आपण काय केलं ते तिला लख्ख दिसलं. एका माणसाला तिने महिनाभर राबून पळून जाण्याइतका हुशार करून सोडलं होतं.

संध्याकाळपर्यंत बद्रीनाथ सर टेबलाशी बसून पिवळ्या चिठ्ठ्या परत हिरव्यावर उतरवत होते. सुंदर, वळणदार अक्षर. सतरा चिठ्ठ्या. मध्ये त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "तू हायेस म्हणून धीर हाय, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं फळ्यासमोर उभे राहिले. एक गोष्ट सांगायची राहिली. या पाच महिन्यांत तिसऱ्या प्रश्नाला माडीवर एकच उत्तर होतं: काही न्हाई. वडीलधाऱ्या माणसासमोर अडचण सांगायची म्हणजे त्याच्याविरुद्ध तक्रार केल्यासारखं, म्हणून कुणी बोलतच नसे. बेबीनंदा त्यावरून सगळ्यांना झापायची. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा अजून प्लास्टिकमध्येच होता.

"काय अडलंय?" सरांनी सवयीने विचारलं.

"काही न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या.

बेबीनंदाने खणातून तो गठ्ठा काढला आणि दातांनी प्लास्टिक फाडलं. तिने लिहिलं: बेबीनंदाचं सोडपत्र, पाच मे. आणि ती चिठ्ठी हिरव्यांच्या मधोमध लावली.

"हे अडलंय, सर," ती म्हणाली. "लाल हाय. ही तुमची."

सरांनी चिठ्ठी वाचली. खिडकीपाशी गेले, खाली हमाल पोती उतरवत होते ते बघत राहिले. "बराबर हाय," एवढंच म्हणाले. त्या रात्री तिने सहा वर्षांनी पहिल्यांदा भाड्याच्या खोलीतल्या माळ्यावरून मोठी बॅग काढून पुसली.

बुधवारी सकाळी सरांनी तिच्या हातात पाकीट दिलं. आत कंपनीच्या कागदावर टाइप केलेलं सोडपत्र होतं. तिचं पूर्ण नाव, सहा वर्षं, कामाबद्दल चांगले चार शब्द, खाली सही, शिक्का. फक्त तारखेची जागा कोरी होती.

"तारीख तू टाक," सर म्हणाले. "तुला वाटंल की आता जाता येतंय, त्या दिवशीची टाक. मी इचारणार बी न्हाई." त्यांनी लाल चिठ्ठी काढून झालंच्या रकान्यात लावली, देवानंदच्या शेजारी. यात कावा नव्हता, हेच वाईट होतं. बिलकुल मनापासून बोलत होते ते.

तिने पेन काढलं. नुसता त्या दिवशीचा तीस आकडा लिहिला असता तरी पुरे होतं. तेवढ्यात एका बियाणं कंपनीचा फोन आला, आणि पुष्पाबाईंनी त्यावर हात ठेवून विचारलं, "बेबीताई, नापास लॉटची लेबलं पास म्हणून छापून राह्यली म्हणतेत. मशीन चालू ठेवू का बंद करू, इचारतेत." बेबीनंदाने पेनाला टोपण लावलं आणि फोन घेतला. ती चूक देवानंदने बदललेल्या एका ओळीत होती. शोधायला दोन दिवस लागले. ती सापडल्यावर आणखी तीन तशाच दिसल्या.

पाच मेला सकाळी दहा वाजता ती माडीवर फळ्यासमोर उभी होती. पाकीट पर्समध्ये होतं, आतली तारीख अजून कोरीच. पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला, आणि तिने तो नुसता वाजू दिला. बॅग पुसलेली तशीच खोलीच्या कोपऱ्यात पडली होती.

"काय अडलंय, बेटा?" सरांनी विचारलं. या वेळी त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून, खरंच विचारलं होतं, आणि लाल गठ्ठा त्यांच्याच हातात होता.

बेबीनंदा गठ्ठ्याकडे बघत राहिली. कुणाचं नाव लिहायचं? सरांनी तर मोकळी केली होती.

"काही न्हाई," ती म्हणाली, आणि पुढची हिरवी चिठ्ठी ओढून तिने चालूमध्ये लावली.