दोन भावांमधला सरकारी रोखा

मित्रांनो, मी एक जुना रोखा आहे. सरकारला पैसे उसने दिल्याचा कागद म्हणा हवं तर. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही.

माझा जन्म १९२३ सालचा. आयर्लंडमधलं भावाभावांचं युद्ध नुकतंच थांबलं होतं, पण त्याचा खर्च सरकारच्या मानेवर होता. ॲथलोनच्या एका दुकानदाराने मला विकत घेतलं. त्याचा धाकटा भाऊ त्या युद्धात सरकारविरुद्ध लढला होता आणि त्याच सरकारच्या तुरुंगात होता. सुटून आल्यावर त्याने मला पाहिलं आणि पुन्हा त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. दुकानदाराने माझे पैसे कधी मागितलेच नाहीत. मी कपाटात पडून राहिलो. नुसतं पडून राहूनही फार दमायला होतं.

दुकानदाराची नात नोरा आणि धाकट्याची नात ब्रायडी एकाच गावात म्हाताऱ्या झाल्या, पण कधी बोलल्या नाहीत. २०२१च्या उन्हाळ्यात कोरोनाचे निर्बंध सैल झाले, तेव्हा नोराने ब्रायडीला चहाला बोलावलं. दोघींनी मिळून मला फाडायचं आणि भांडण संपवायचं, असं तिच्या मनात होतं. मला हायसं वाटलं.

पण मी घड्यांवर चिरत चाललो होतो. भारतातून शेजारी मुलाकडे आलेले आणि कोरोनामुळे अडकलेले श्रीपादराव फाटकी पुस्तकं छान चिकटवत. नोराने मला त्यांच्याकडे दिलं. "ब्रायडी येईपर्यंत याचे तुकडे होऊ देऊ नका," एवढंच ती म्हणाली.

श्रीपादरावांनी लॅमिनेशनचं यंत्र काढलं.

"अहो, लोकाची वस्तू आहे. विचारा तरी," त्यांच्या पत्नी उषाताई म्हणाल्या.

"अगं, आपल्या जयदीपची दहावीची गुणपत्रिका आठव. पंचवीस वर्षांत एक सुरकुती नाही!"

"कुणी बघायलाही मागितली नाही म्हणून!"

रविवारी श्रीपादराव मला मोठ्या अभिमानाने घेऊन गेले. नोराने एक कोपरा धरला, ब्रायडीने दुसरा. दोघींनी ओढलं. पुन्हा ओढलं. मी ढिम्म.

"मला वाटलं... जपायचाय," श्रीपादराव पुटपुटले.

ब्रायडी उठली. आता ही निघाली, म्हणून नोराचा चेहरा उतरला. ब्रायडीने मला टेबलावर ठेवलं आणि माझ्यावर गरम किटली टेकवली.

"फाटत नाही, तर निदान टेबलाला डाग पडू नये. दूध आण गं, नोरा."

हल्ली दर रविवारी किटली माझ्यावरच असते. त्या दोघींसाठी मला बरं वाटतं. पण मला फाटायचं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. फक्त आधी मालकाला विचारा. आणि जमलं तर वस्तूकडेही एकदा नीट पाहा. ती दमलेली असेल.