तेलाने माखलेले ग्राफिक्स कार्ड

सकाळी रेवसच्या धक्क्यावर पहिल्या लाँचचा भोंगा वाजतो. अंगणात दयाराम आपला ट्रक चालू करतात आणि इंजिन तापेपर्यंत तसाच घुरघुरत ठेवतात. धूर खिडकीतून आत येतो. नीराबाई ओटा झाडतात, ती धूळही आत येते. मग त्यांची मुलगी जागृती केस बांधत येते, टेबलावरचा चहाचा कप बाजूला सारते आणि बटण दाबते. माझे पंखे फिरू लागतात.

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावर तुम्ही मोटारी पळवता, किल्ल्यांवरून उड्या मारता, ते प्रत्येक चित्र मी रंगवतो. खेळासाठी संगणक बांधताना सर्वांत मोठा खर्च माझ्यावर होतो आणि सर्वांत कमी विचारही माझाच होतो. गोड बोलणे मला जमणार नाही. माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तेथील कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असत. माझ्यावर धुळीचा कण बसू नये म्हणून ही काळजी. इतक्या निगुतीने घडलेला मी, आणि नशिबी आला पनवेलचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ! तेथे मी नवरदेवांच्या डोक्यावर खोट्या पाकळ्या उधळल्या, उरणच्या वरातीमागे बर्फाचे डोंगर उभे केले. काम भिकार होते. मी ते चोख केले. नवे कार्ड येताच मालकाने मला कपाटावर फेकले. माणसाची कृतज्ञता तेवढीच.

तेथून मला जागृतीने उचलले. अलिबागच्या तिच्या कॉलेजचा संगणकावरच्या खेळांचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणार होता. त्यात तिला जागा मिळाली होती. अट एकच, घरी न अडखळणारा संगणक हवा. शिकवण्यांच्या पैशांत बसेल असा बेत तिने नीट आखला. प्रोसेसर मधल्या दर्जाचा, मी जुना पण दणकट, वीज पुरवणारा डबा मात्र चांगल्या प्रतीचा. हे मला पटले. मग तिचा भाऊ हितेश मध्ये पडला.

"लायटिंग न्हाय तर गेमिंग कसला गो? आपल्या ट्रकला बघ, रातचा कसा झगमगतो!"

"ट्रकला वारा लागतो, दादा. संगणकाचा डबा बंद असतो."

"असूदे. कॅबिनेट माझ्याकडून."

काचेचे कॅबिनेट आले. चारी बाजूंनी रंगीत दिवे, आणि हवेला वाट म्हणाल तर बोटभर फट. शेजारीपाजारी येऊन दिव्यांचे फोटो काढून गेले. काम मी करत होतो. कौतुक काचेचे झाले. दिव्यांनी आजवर एकही चित्र रंगवलेले नाही, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

पुढचा मूर्खपणा मायेचा होता, म्हणून अधिक महाग पडला. आमच्या किनाऱ्यावर खारी हवा लोखंड खाते. म्हणून पावसाळ्याआधी ट्रकच्या खालच्या अंगावर तेल आणि डिझेल मिसळून फवारतात. 'दर्यावरची हवा कॉम्प्युटरला पन खाते' असे दयारामांना कोणीतरी सांगितले. जागृती कॉलेजात असताना त्यांनी काच उघडली, पंप आणला आणि आम्हा सर्वांना ट्रकसारखे न्हाऊ घातले.

"बाय, आता बघ," संध्याकाळी ते अभिमानाने म्हणाले, "गंज चरायचा न्हाय. गाडीला मारतो तोच मारलाय."

जागृतीने काचेतून आत पाहिले. बापाच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिले. "बरं केलंत, बाबा," एवढेच म्हणाली.

तेलावर धूळ बसली, धुळीवर धूर बसला. माझे पंखे जड झाले, मी तापू लागलो आणि ऐन सरावात पडदा काळा पडू लागला. संघाची कप्तान आश्लेषा हिचा फोन आला.

"जागृती, तू मध्येच गायब होतेस. रविवारी स्पर्धेत असं झालं तर आम्ही सगळेच बाद. उद्यापर्यंत सांग, नाहीतर मी दुसरं कोणीतरी घेते."

हितेशजवळ उपाय तयार होता. "कार्ड वरून पुसून घे, विकून मोकली हो. दिवेआगरचा एक पोरगा जुना कार्ड शोधतोय, त्याला तुझा नंबर दिलाय. त्या पैशांत थोडे घालून मी नवीन आनतो."

"आणि त्याच्याकडे बंद पडलं तर?"

"सांगायचं, तुमच्याकडं लाईटच खराब हाय."

तो पोरगा यशोधन. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, त्यात लाइट लागते ना? कोणत्या रंगाची?" मला त्याची कीव आली. मग तो म्हणाला, "बाबा वाडीतली सुपारी विकून पैसे देतायत. पुन्हा नाही देणार, म्हणून विचारतो. चांगलं आहे ना?"

"उद्या सकाळी कळवते," जागृती म्हणाली.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर माया करण्याआधी तिला काय सोसत नाही, ते विचारून घ्या. न विचारता केलेली निगा आणि हेळसांड यांत वस्तूच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. आणि आपली चूक पुसून, चकचकीत करून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. हे तुम्ही ऐकालच, अशी माझी खात्री नाही.

शनिवारी सकाळी तिने मला खाचेतून बाहेर काढले. आधी यशोधनला लिहिले, 'कार्डाच्या आत तेल गेलंय. विकत नाही. दुसरं बघ, आणि उघडून बघितल्याशिवाय घेऊ नकोस.' मग आश्लेषाला, 'उद्यापर्यंत माझ्या कार्डाचा भरवसा नाही. या वेळी माझी जागा दुसऱ्याला दे.'

"येडी हायस का गो?" हितेश ओरडला. "एवढी मेहनत केलीस ती कशाला?"

अंगणातून दयारामांनी विचारले, "बाय, चालतो ना बराबर?"

"चालतो, बाबा. जरा पुसून घेते."

जुन्या साडीचा तुकडा तिने टेबलावर पसरला, स्पिरिटची बाटली उघडली, माझे स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि मऊ ब्रशने पंख्याची पाती एकेक करून पुसायला बसली.