ऐनवेळेसाठी राखीव

पाण्याचे बिघडलेले मीटर तपासणाऱ्या त्या कार्यालयात हेडक्लार्कना सगळे तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘जपूनराव’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दुसऱ्याचा अभिमान जरा जास्तच होता. त्यांच्या परवानगीशिवाय कार्यालयातली एकही वस्तू कधी फेकली गेली नव्हती, आणि परवानगी त्यांनी कधी दिली नव्हती. भिंतीकडेच्या रॅकवर मेलेले मीटर गळ्यात चिठ्ठ्या अडकवून ओळीनं बसलेले असत. काटे थांबलेले, काचा धुरकटलेल्या. नव्यानं आलेला एखादा विचारायचाच, की यांचं करायचं काय. जपूनराव शांतपणे सांगत, करायचं काही नाही, असू द्यायचं.

आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता, आणि उद्या सकाळच्या गाडीनं ते बायकोला समुद्र दाखवायला नेणार होते.

बायकोनं समुद्र पाहिला नव्हता. समुद्राकाठी तिच्या सख्ख्या भावाचं घर होतं, भाऊ दरवर्षी बोलवायचा, आणि जपूनराव दरवर्षी म्हणायचे की समुद्र काय आटतोय थोडाच, निवृत्त झालो की निवांत जाऊ. त्या निवांतपणासाठी बायकोनं एक बॅग घेतली होती. ती प्लॅस्टिकसकट पाहुण्यांच्या खोलीत ठेवलेली होती. पाहुण्यांच्या खोलीत घरातला सगळ्यात मोठा पलंग, सगळ्यात मऊ गादी आणि काचेच्या बशांचा नवा सेट होता. पाहुणे तेवढे कधी आले नव्हते. नवरा-बायको बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीन आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत, अंग चोरून झोपायचे. काल रात्री बायकोनं बॅगेवरचं प्लॅस्टिक काढायला हात घातला, तेव्हा जपूनराव म्हणाले होते, "अगं, उद्या दाखला हातात पडू दे, मग काढ."

दाखला म्हणजे कार्यमुक्तीचा दाखला. तो मिळाला की माणूस सुटला. नाही मिळाला तर माणूस नोकरीतच, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही तर गैरहजर. हा दाखला कार्यालयातल्या एकाच संगणकातून निघायचा, आणि सकाळी ऑपरेटर मुलीनं तो काढायला घेतला तिथंच घोडं अडलं. कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा प्रोग्राम म्हणाला, आधी मला अपडेट करा. अपडेट म्हणालं, आधी मला जागा द्या. आणि सी ड्राइव्हवर पाहावं तर लाल पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

संगणक म्हातारा होता. त्याला दोन कप्पे. एक सी, ज्याच्या जोरावर तो सकाळी उठायचा. तो एवढासा, आणि आख्खं कार्यालय त्यातच कोंबलेलं. दुसरा डी. तो भलामोठा आणि रिकामा. इतका रिकामा, की उघडला तर आपलाच आवाज घुमेल असं वाटायचं.

"सर, थोडं सामान डीवर हलवू?" ऑपरेटरनं विचारलं.

"डी राखीव आहे, मॅडम."

"कशासाठी?"

"ऐनवेळेसाठी."

"मग ही ऐनवेळच नाही का, सर?"

जपूनरावांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. "ही ऐनवेळ नव्हे, ही गैरसोय आहे. दोन्हींत फरक असतो. सीवरचंच काहीतरी काढा."

आता काढायचं म्हटलं तरी कार्यालयात त्याची एक पद्धत होती, आणि ती जपूनरावांनीच घालून दिलेली होती. कुठलीही फाइल काढण्याआधी तिची एक प्रत ‘काढलेल्या फाइली’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. ती ठेवल्यावर पडद्याचा फोटो घ्यायचा आणि तो ‘पुरावा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. दोन्ही फोल्डर सीवर होते, कारण डी राखीव होता.

ऑपरेटरनं कामाला सुरुवात केली. आधी बिघडलेल्या मीटरांचे फोटो काढायला घेतले. प्रत्येक मीटरचे तीन फोटो असत: एक समोरून, एक मागून, आणि एक फोटो काढणाऱ्याचा, उद्या तो नाही म्हणाला तर काय घ्या. मग मागच्या साहेबांच्या निरोपाचा व्हिडिओ निघाला, ज्यात साहेब भाषण करताहेत आणि पंख्याचा आवाज सोडून काही ऐकू येत नाही. मग ‘कागदाचा वापर कमी करा’ अशी एक सूचना निघाली. तिच्या इतक्या प्रती होत्या, की सूचनेचा हेतू सफल झाला असंच म्हणायचं, कागद सोडून बाकी सगळं तिनं व्यापलं होतं. मुलगी एक फाइल काढायची, एक ठेवायची, एक फोटो घ्यायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं इतकं काढलं, की सीवर सकाळी होती त्याहून कमी जागा उरली.

हे तिनं जपूनरावांच्या नजरेला आणून दिलं. जपूनराव गणितात कच्चे नव्हते. त्यांना ते लगेच समजलं, फक्त पटायला वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, आजच्यापुरता नियम स्थगित करतो, तसा आदेश टाइप करा. मुलीनं टाइप केला. सेव्ह करायला गेली तर संगणक म्हणाला, जागा नाही. हातानं लिहून द्या ना सर, असं ती म्हणाली. पण हातानं लिहिलेला आदेश ग्राह्य धरू नये, असा आदेश जपूनरावांनी संगणक आला त्याच आठवड्यात काढलेला होता, आणि तो सीवर अगदी सुखरूप होता.

दुपारी साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. साहेब वयानं जपूनरावांपेक्षा बरेच लहान, आणि समारंभाच्या बाबतीत फार हळवे. टेबलावर केक येऊन बसला होता, शेजारी रंगीत कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. भेटवस्तूत काय आहे हे गुपित होतं, पण ते कागदातून टिकटिक करत होतं. साहेबांनी विचारलं की आपलं कधी सुरू करायचं. जपूनराव म्हणाले, आधी दाखला. साहेब म्हणाले, केकवर माश्या बसताहेत.

माश्यांमुळे की गाडीच्या आठवणीमुळे कोण जाणे, पण जपूनरावांचा धीर सुटला. त्यांनी खुर्ची ओढली आणि मुलीला विचारलं, सगळ्यात जास्त जागा खातंय कोण, तेवढं सांगा.

मुलगी जरा घुटमळली. "सर, तुम्हीच."

खरंच होतं ते. जपूनरावांच्या सेवेची नोंद, म्हणजे लागले कधी, बढती कधी, रजा किती, हे सगळं स्कॅन केलेल्या पानांसकट एका जाडजूड फाइलीत होतं. ती हरवू नये म्हणून त्यांनी तिची प्रत दिसेल त्या फोल्डरमध्ये ठेवली होती. मीटरांच्या फोटोंत ते होते, पंख्याच्या दुरुस्तीत होते, ‘पुरावा’मध्ये तर जागोजागी होते. आणि कुणी आगाऊ माणसानं प्रत समजून उडवू नये, म्हणून त्यांनी प्रत्येक प्रतीला एकच नाव दिलं होतं: ‘मूळ’.

"यातली मूळ कुठली, सर?"

"सगळ्याच."

"एक ठेवायची तर कुठली ठेवू?"

जपूनरावांनी विचार केला. मूळ म्हणजे जी आधी असते ती. आणि आयुष्यभर ज्या वाक्यावर त्यांनी संसार केला, तेच त्यांच्या मदतीला धावून आलं. "सगळ्यात जुनी ठेवा," ते म्हणाले, "जुनं ते सोनं." बाकीच्या काढा, आज प्रत नको नि फोटोही नको. मुलीनं विचारलं, कचऱ्याच्या टोपलीत असू देत ना? तिथं राहिल्या तर जागा मोकळी होत नाही. जपूनरावांनी रॅकवरच्या मीटरांकडे एकदा पाहिलं आणि उभ्या आयुष्यात जे तोंडातून निघालं नव्हतं ते बोलले. "टोपली रिकामी करा."

लाल पट्टी सर्रकन मागे सरली. मागच्या टेबलावरच्या कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. अपडेट बसलं, प्रोग्राम उघडला, मुलीनं जपूनरावांचा क्रमांक घातला आणि ‘कार्यमुक्ती’वर टिचकी मारली.

प्रोग्रामनं सांगितलं: नियुक्ती परिवीक्षाधीन. वय तेवीस. कार्यमुक्तीस अपात्र.

झालं होतं असं, की सगळ्यात जुनी फाइल ही जपूनरावांनी संगणक नवीन आला तेव्हा चालतो का बघायला म्हणून केलेली होती. त्यांनी तेव्हा फक्त पहिलं पान भरलं होतं, म्हणजे नोकरीला लागले त्या दिवसाचं. चालतंय म्हटल्यावर पुढची सगळी पानं त्यांनी दुसऱ्या, चांगल्या प्रतीत भरली. ती आणि तिची सगळी भावंडं आत्ताच टोपलीतून गेली होती. तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती तेवीस वर्षांचा जपूनराव आला.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग जपूनरावांच्या टकलाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, पण प्रोग्रामपुढे त्यांचं काय चालणार. कागदी नोंदी वरच्या कार्यालयातून मागवू, ते म्हणाले, दीड-दोन महिन्यांत होऊन जाईल, तोवर तुम्ही येत राहा. जपूनरावांनी निदान रजा तरी द्या म्हणून विचारलं. साहेबांनी घसा खाकरला. परिवीक्षाधीन, म्हणजे प्रोबेशनवरच्या, कर्मचाऱ्याला पहिल्या वर्षी रजा नसते, हा नियम कुणी काढला होता ते दोघांनाही माहीत होतं.

केक कापला गेला, कारण माश्या. घड्याळ मात्र साहेबांनी उचलून कपाटात ठेवलं.

"राहू दे जपून," ते म्हणाले. "ऐनवेळी लागेल."

संध्याकाळी जपूनराव घरी पोचले तेव्हा बायको बाहेरच्या खोलीत भांड्यांची आवराआवर करत होती. त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला. मूळ प्रत कशी ओळखायची याबद्दल आपलं काही चुकलं नाही, हेही समजावून दिलं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं हात पुसले.

"म्हणजे तुम्ही आता तेवीस वर्षांचे?"

"कागदोपत्री."

"आणि मी?"

"तू आहेस तेवढीच."

"मग मला थांबायला जमायचं नाही, अहो," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती, तेच त्यांना जड गेलं. रागावली असती तर समजूत काढता आली असती. त्यांनी तिकिटाचं सुचवून पाहिलं, दोन महिन्यांनी तेच तिकीट चालतं का विचारू म्हणाले. ती पाहुण्यांच्या खोलीत गेली. तिकडून आधी प्लॅस्टिक फाडल्याचा आवाज आला, बराच वेळ आला, कारण प्लॅस्टिक चांगलं होतं. मग पलंग करकरला. त्या रात्री ती त्या पलंगावर ऐसपैस झोपली. जपूनराव बाहेरच्या खोलीत गठ्ठ्यांमध्ये निजले, कारण त्यांना कुणी पाहुणा म्हणालं नव्हतं.

सकाळी त्यांना चहा नव्या सेटमधल्या बशीत मिळाला. बशीवर किमतीची चिठ्ठी तशीच होती. बायको चहा पिऊन, बॅग घेऊन, भावाला फोन लावत निघून गेली. ओट्यावर त्यांचा जेवणाचा डबा भरून ठेवलेला होता.

कार्यालयात त्यांना दाराजवळच्या टेबलावर बसवलं. ती जागा नव्या माणसांची. तिथं वारं आलं की कागद उडत आणि प्रत्येक जण आत येताना पत्ता विचारी. जपूनरावांनी तीन-चार दिवस पत्ते सांगितले. मग एका दुपारी बायकोचा फोन आला. मागे सारखी घुमघुम चालू होती, त्यांना वाटलं लाइन खराब आहे. तिनं सांगितलं की तो समुद्र आहे. मग म्हणाली, फोटो पाठवलाय, बघा. जपूनरावांचा फोन कित्येक वर्षांपासून भरलेला असल्यामुळे त्यात नवीन काही येत नसे. त्यांनी तिला ऑफिसच्या ईमेलवर पाठवायला सांगितलं.

ऑपरेटरनं फोटो उतरवून घ्यायला टिचकी मारली. संगणक म्हणाला, जागा नाही. मोकळी झालेली होती तेवढी अपडेटनं गिळली होती, आणि लाल पट्टी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

"काय काढू, सर?"

जपूनराव तिच्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर ‘काढलेल्या फाइली’ होत्या, ‘पुरावा’ होता, कागद कमी वापरायची सूचना होती. बाहेर कुणीतरी पत्ता विचारत होतं.

"डीवर घ्या," ते म्हणाले.

मुलीनं मान वळवून पाहिलं. विचारण्यासारखा एकच प्रश्न होता, पण तिनं तो विचारला नाही.

फोटो उघडला. पाण्यात गुडघाभर उभी असलेली बायको, पाठमोरी. पलीकडे समुद्रच समुद्र, अलीकडे ओल्या वाळूत टेकवलेली बॅग. बॅगेला आत्ताच कुठेतरी चांगला ओरखडा पडलेला दिसत होता. बायकोनं मागे वळून पाहिलेलं नव्हतं. भावानं हाक मारली असणार, पण घुमघुमीत ऐकू गेली नसेल.

"एक प्रत काढून ठेवू का, सर?"

"नको," जपूनराव म्हणाले. "एक पुरे."

मग मुलगी चहाला गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीत बसले, आणि त्या फोटोच्याच शेजारी स्वतःच्या हातानं त्याची एक प्रत काढली. नाव दिलं ‘मूळ’.