घरच्या घोडीचा आजार

घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेचे चिटणीस म्हणजे नियमांच्या बाबतीत सोवळं माणूस. सध्या जबड्याखालच्या गाठींची साथ होती. गाठी पिकतात, नाकातून पू वाहतो आणि हां हां म्हणता शेजारचा घोडाही खाणं टाकतो. आजारी तबेल्यातून निघताना बूट जंतुनाशकात बुडवा, कपडे बदला, हात कोपरापर्यंत घासा, ही पत्रकं या चिटणीस डॉक्टरांनीच लिहून तबेल्यातबेल्यात चिकटवली होती. शुद्धलेखनासकट.

तरीही साथ त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घोडेस्वारीच्या शाळेत शिरली. आधी म्हातारी घोडी, मग बाकीचे. शाळेला टाळं लागलं. ताईचा संशय नालबंदावर होता, कारण तो सगळीकडे फिरतो. तो परोपरीने सांगत होता की तुमच्याकडचे नाल ठोकून झाल्यावरच मी साथ असलेल्या त्या दुसऱ्या तबेल्यात गेलो. पण ‘चोराच्या उलट्या बोंबा’ म्हणून लोक मोकळे झाले.

तो खरं बोलत होता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्या सकाळी त्याच तबेल्याच्या दारात, ताईकडचे नाल ठोकून नुकताच आलेला असताना, तिथल्या घोड्यांची गाऱ्हाणी त्याने त्यांनाच ऐकवली होती. तिथलं काम उरकताच ताईचा फोन आला, ‘जेवण गार होतंय’. आणि डॉक्टर होते तसेच तिच्याकडे गेले. तपासायला जायचं असतं तर कपडे बदललेच असते. पण ते काही डॉक्टर म्हणून जात नव्हते, धाकटा भाऊ म्हणून जात होते. जंतूंना हा फरक कुणी समजावला नव्हता. म्हाताऱ्या घोडीने नेहमीप्रमाणे मान बाहेर काढली, नेहमीप्रमाणे त्यांनी तिचं नाक कुरवाळलं.

आज संघटनेच्या सभेत ठराव होता: नालबंदाला वर्षभर एकाही तबेल्यात पाऊल टाकू देऊ नये. वाचून दाखवायचं काम अर्थातच चिटणिसांचं. नालबंद बाहेर पायरीवर बसला होता. ताई पहिल्या रांगेत.

डॉक्टर अर्ध्यावर अडले. “एक दुरुस्ती आहे. संसर्ग बहुधा... एका संबंधित व्यक्तीमार्फत...”

“नाव घे ना त्याचं,” ताई म्हणाली. “घाबरतोस कशाला?”

“मी.”

अध्यक्ष हसत उठले. “बघा! दुसऱ्याचं पाप स्वतःच्या माथी घेणं, याला म्हणतात मोठेपणा!” टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी हात हलवून नको नको म्हटलं. तो विनय समजला गेला आणि टाळ्या वाढल्या.

एकट्या ताईने टाळ्या वाजवल्या नाहीत. “त्या दिवशी जेवायला आलास, तेव्हा हात धुतले होतेस ना रे?”

“जेवायच्या आधी धुतले.”

“आणि तिला हात लावायच्या आधी?”

डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. टाळ्या विरळ होत होत थांबल्या. ताईने पर्स उचलली. “महिना झाला, मी त्या माणसाला दारात उभं राहू देत नाहीये,” ती म्हणाली, “आणि तू माझ्याकडे बसून चहा पितोयस.”

ती गेली. ठराव बारगळला. अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा विषय घेतला, वार्षिक स्नेहभोजनाचा.

डॉक्टर पायरीवर आले आणि नालबंदाला सगळं सांगितलं. मग माफी मागितली.

“आत सांगितलंत, बरं झालं,” नालबंद म्हणाला. “पण नाल काही सभागृहात ठोकत नाही मी. चला माझ्याबरोबर.”

“कुठे?”

“जिथे जिथे मला हाकललंय तिथे. आत नको शिरायला, फाटकावरूनच सांगा.”

पहिल्याच फाटकावर रखवालदाराने डॉक्टरांना कडक सलाम ठोकला आणि दार उघडलं. मग नालबंदापुढे काठी आडवी धरली. “साहेब, तुम्ही या. हा नको. हा रोग घेऊन फिरतो.”

“याने नाही,” डॉक्टर पुटपुटले. “मी नेला तो. याची काही चूक नाही.”

“काय म्हणालात साहेब?”

“जरा मोठ्याने सांगा,” नालबंद म्हणाला. “मालक पार मागच्या बाजूला असतात.”