खुर्ची फिरवली तेव्हा

पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी आमची गाडी कारखान्याच्या आवारात जाऊन उभी राहते. गाडीत एक आवाजबंद केबिन आहे. तिला काचेची खिडकी, आत एक स्टूल, एक हेडफोन आणि हातात धरायचं बटण. केबिनबाहेर मी, माझं यंत्र आणि माझा तिखट स्वभाव. कानात बारीकसा सूर ऐकू आला की आतल्या माणसाने बटण दाबायचं, मग माझ्यापुढचा दिवा लागतो आणि मी कागदावर खूण करते. गोंगाटात काम करणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासायचे, असा सरकारी नियम आहे. या कारखान्यात सात वर्षं ते काम माझ्याकडे आहे.

त्या दिवशी पहिला नंबर उस्तादांचा होता. तापून लाल झालेलं लोखंड ठोकणाऱ्या मोठ्या यांत्रिक घणावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढलेली. ते आत बसले, मी सूर सोडायला लागले. प्रत्येक सुराला दिवा लागला, अगदी बारीकातल्या बारीक सुरालासुद्धा. मला घरी दारावरची बेल ऐकू येत नाही आणि या गृहस्थांचे या वयात असे कान! मला त्यांचा जरा हेवाच वाटला.

कागद पुरा करून हात टेकला, तर बोटाला एक वायर लागली. हेडफोनची. तिचं टोक यंत्रात खुपसलेलंच नव्हतं, टेबलावर निवांत पडलं होतं.

म्हणजे एकही सूर आत गेला नव्हता, आणि उस्तादांना सगळे ऐकू आले होते.

आधी मला हसू फुटलं. मग लक्षात आलं आणि हसू जागच्या जागी विरलं. सूर सोडताना माझा उजवा खांदा किंचित खाली जातो. घरचे त्यावरून माझी नक्कलही करतात. काचेतून तो खांदा स्वच्छ दिसत असणार. आम्हाला शिकवताना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माणसाकडे पाठ करून बसा. पण समोर कोणी बसलेलं असताना पाठ फिरवायची, हे मला उद्धटपणाचं वाटायचं. नको तिथे मी सभ्य राहिले होते.

मी फाइल उघडली. घणाच्या शेडमधली दहा माणसं, सात वर्षं. उत्तम, उत्तम, उत्तम. प्रत्येक कागदाखाली माझी झोकदार सही. नियम असा की दहातल्या तिघांचे कान बिघडलेले आढळले तर घण थांबवायचा, त्याच्याभोवती आवाज अडवणारी खोली बांधायची आणि मगच तो पुन्हा चालू करायचा. आमचे साहेब दरवर्षी माझेच कागद बघून 'घणाचा त्रास नाही' असा शेरा मारत आले होते.

मी वायर जोडली. उस्तादांना 'पुन्हा एकदा' अशी खूण केली, यंत्र भिंतीकडे सरकवलं आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

जाड सूर त्यांना ऐकू आले. मधले जरा चढवल्यावर आले. बारीक सुरांवर मात्र दिवा लागेना. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेवटी केबिनच्या बंद दाराआडून मलाच तो सूर पुसट ऐकू यायला लागला. दिवा विझलेलाच होता. मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

उस्ताद बाहेर आले ते हातात टोपी चुरगाळतच. मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलले.

"किती वर्षं माझा खांदा बघताय?"

"पहिल्यापासून, ताई." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "सगळेच बघतात. नवा माणूस आला की आम्हीच त्याला दाखवतो."

"वा! आणि मी इथे शहाणी म्हणून बसलेय."

"रागवा, पण हा कागद फाडा. कान गेले म्हणून लिहिलंत तर मला गोदामात टाकतील. सोमवारपासून माझी पोरगी घणावर लागतेय. मी शेजारी नसलो तर तिला शिकवणार कोण? हात जाईल तिचा."

पहिला कागद टेबलावरच होता, सुरेख भरलेला. तोच ठेवला असता तर त्यांचा घण वाचला असता आणि माझी सात वर्षांची अब्रूही. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझा हात तिकडे गेला.

"आत्ता जो सूर मला आला नाही," त्यांनी विचारलं, "तसा आवाज असतो तरी कशाचा?"

"पाखरांचा. बायकांच्या, मुलांच्या बोलण्यातला बारीक भागही तिथेच असतो. माणूस बोलतंय ते कळतं, पण शब्द विरघळल्यासारखे होतात."

उस्ताद मागे सरून केबिनमधल्या स्टुलावर बसले.

"मला वाटायचं, पोरगी मोठी झाली आणि पुटपुटायला लागली. दोन वर्षं खेकसतोय तिच्यावर. तोंडात काय धरलंयस, नीट बोल. मग तिने बोलणंच टाकलं." त्यांनी टोपीने डोळे पुसले. "मला वाटलं, गर्व आला."

मी पाण्याचा पेला पुढे केला.

"ती घणावर लागली तर तिचंही असंच होणार?"

"खोली बांधली नाही तर होणार. अजून दोघांचे खरे कागद हवेत. पण मग घण थांबेल. तुमचं गोदाम ठरलेलं, आणि मलाही जाब विचारतील."

"लिहा," ते म्हणाले. "आधी खोली बांधू दे. तोवर गोदामात बसवून तिला तोंडी सगळं शिकवतो. ती काय विचारते ते दोनदा विचारायला सांगेन."

त्यांनी सही केली. मी पहिला कागद फाडला नाही. त्यावर 'हेडफोन न जोडता केलेली तपासणी' असं लिहून तो साहेबांसाठी वर ठेवला. आधीच्या सात वर्षांबद्दलचं पत्र मी दुपारी लिहिणार होते.

बाहेर नऊजण रांगेत उभे होते. उस्ताद पायरीवरून ओरडले, त्यांना हळू बोलता येतच नव्हतं. "बाईंनी खुर्ची फिरवलीय. ऐकू येईल तेव्हाच दाबा रे. सोमवारी माझी पोरगी यायचीय."

पुढचा माणूस आत येऊन बसला. मी भिंतीकडे तोंड करून सूर सोडला आणि दिव्याकडे बघत राहिले. दिवा लागला नाही. मी तसं लिहिलं.