खोळीच्या आतले कोपरे

मित्रांनो, मी एक जुनी खोळ आहे. रजईवर चढवतात ती. मागच्या कार्तिकातला तो रविवार अगदी नेहमीसारखा होता. लखनऊच्या विकास नगरातल्या गच्चीवर रजई ऊन खात पडली होती. माणिकबाईंनी मला दोरीवरून काढून जमिनीवर पसरलं होतं आणि त्यांची मुलगी अनघा फोनमध्ये बघत उभी होती.

"शिर आत," माणिकबाई म्हणाल्या.

"आई, चालीस की हो गई हूँ मैं."

"कोपऱ्यांना वय नसतं. शिर."

माझं कापड अमीनाबादचं. "गिलाफ के लिए चाहिए, बहनजी?" असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा माणिकबाईंनी मान डोलावली. घरी मशीनवर मला शिवताना मात्र लेकीला म्हणाल्या, "ही खोळ बरं का." अनघा तेव्हा पाच वर्षांची होती.

दर थंडीत तिचं काम ठरलेलं. रजईचे दोन कोपरे मुठीत धरून माझ्या आत शिरायचं आणि ते माझ्या टोकाला नेऊन बसवायचे. ती आत असली की बाहेरून माणिकबाई विचारत, "उशीचा अभ्रा, तंबोऱ्याची गवसणी. आणि तू जिच्यात शिरली आहेस ती कोण?"

आतून उत्तर यायचं, "गिलाफ." पुढे "कवर." शाळेत तिच्या मराठीला मुली हसल्या होत्या. तेव्हापासून आईचं सगळं तिला कळे, पण उत्तर हिंदीतच येई. माणिकबाईंनी विचारायचं मात्र एकही वर्ष चुकवलं नाही.

त्या रविवारीही त्यांनी विचारलं. अनघा आत शिरली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "कवर, आई. ज़िप वाला मँगा दूँगी, झंझट ख़त्म."

"म्हणजे उशी, तंबोरा, मोबाइल, सगळे एकाच आडनावाचे," माणिकबाई हसल्या. मग एकट्यांनीच कसेबसे कोपरे बसवून त्यांनी माझं तोंड शिवलं.

पाच दिवसांनी त्या झोपेतच गेल्या. अंगावर मीच होते.

अनघाने माझे टाके उसवले, मला धुतलं आणि ट्रंकेत ठेवलं. होळी गेली, पावसाळा गेला. सोबतीला डांबराच्या गोळ्या. मित्रांनो, रिकामी खोळ म्हणजे नुसतं कापड. आम्हाला ऊन दाखवत जा. आणि विचारणारं माणूस आहे, तोवर त्याला उत्तर द्या.

या कार्तिकात अनघाने मला पुन्हा गच्चीवर आणलं. ज़िपवालं कवर घरात आलेलं होतं, पण त्याची पिशवी तिने फोडली नव्हती. बाहेरूनच हात घालून तिने कोपरे बसवायला घेतले. दोनदा निसटले. तिने फोन कठड्यावर ठेवला, कोपरे मुठीत धरले आणि गुडघ्यांवर रांगत आत शिरली.

कोपरे बसले. ती बाहेर आली नाही. कापडातून गाळून आलेल्या त्या पांढऱ्या उजेडात बसून राहिली. बाहेरून कोणी काही विचारलं नाही.

"खोळ," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "खोळ आहे, आई. मला येत होतं गं. पहिल्या वर्षापासून येत होतं."