खांबाची कंबर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मागच्या बायका तर खुर्च्यांवर चढून बघत होत्या. मंचावर एक शिक्षिका डोळे मिटून उभी होती. हलकेबाबांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, गाल फुगवले आणि लांबूनच तिच्या पोटावर फुंकर घातली.

"चरबी म्हणजे काय?" बाबा माइकमध्ये कुजबुजले. "मनात साठलेला मत्सर! तो मी उडवला. आता मोजा!"

सेविकेने टेप गुंडाळली. मघाशी छत्तीस भरलेली कंबर आता चौतीस! टाळ्यांचा कडकडाट झाला. शिक्षिकेला रडू आवरेना.

तिसऱ्या रांगेतली टेलरमावशी तेवढी हाताची घडी घालून बसली होती. तिची भाची चार दिवसांपासून इस्पितळात होती. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी, चांगली हसरी पोरगी. मालक एकदा म्हणाला, "काउंटरला जरा सडपातळ मुलगी शोभते." तेवढ्यावरून ती बाबांकडे गेली. पहिल्याच दिवशी दोन इंच उतरले म्हणून नाचत मावशीकडे आली. मावशीने मोजलं, तर कंबर होती तेवढीच.

"तुझी टेप जुनी झालीय, मावशी," भाची म्हणाली होती.

मग बाबांनी सांगितलेला एकवीस दिवसांचा जलोपवास सुरू झाला. सोळाव्या दिवशी ती दुकानातच कोसळली. "अंगातले क्षार पार उतरलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदय बंद पडता पडता राहिलं."

तेव्हापासून मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. या माणसाला सोडायचं नाही.

"आता कोण येतंय?" बाबांनी विचारलं.

"मी येते," म्हणत मावशी मंचावर चढली.

सेविकेने उजव्या खिशातून टेप काढून मोजलं. "चाळीस!"

बाबांनी गिरक्या घेतल्या, फुंकर घातली. "डोळे मिटा, ताई. ऊर्जा डोळ्यांतून निसटते."

मावशीने डोळे किलकिले ठेवले. सेविकेचा हात या खेपेला डाव्या खिशात गेला.

"अडतीस!"

टाळ्या वाजायच्या आत मावशीने सेविकेचं मनगट धरलं. तीस वर्षं कात्री चालवलेला हात तो, सुटतोय कशाला! तिने ती टेप ओढून घेतली आणि उजव्या खिशातलीही काढली.

"अहो ताई, कृपेचा अपमान होतोय!" बाबा ओरडले.

"होऊ दे." मावशी मंचाच्या कडेच्या खांबाकडे गेली आणि तिथेच डोळे पुसत उभ्या असलेल्या शिक्षिकेला म्हणाली, "बाई, तुम्ही आकडा वाचा. मोठ्याने."

तिने आधी उजव्या खिशातली टेप खांबाला गुंडाळली.

"बावन्न," शिक्षिकेने वाचलं.

मग दुसरी, डाव्या खिशातली.

"एकोण... एकोणपन्नास आणि वर थोडं." शिक्षिकेचा आवाज चिरकला. "अहो, खांब बारीक झाला!"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं सभागृह हसायला लागलं.

"नकारात्मक लहरींमुळे कधी कधी..." बाबा चाचरले.

"खांबाच्या मनात कसला मत्सर होता हो?" मावशीने विचारलं आणि दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या. "बघा. या दुसरीतला प्रत्येक इंच जरा मोठा छापलाय. मोठ्या इंचांनी मोजलं की आकडा कमीच येणार. झाली कृपा!"

बाबा पडद्यामागच्या दाराकडे सरकले. तिथे पाच-सहा बायका आधीच जाऊन उभ्या होत्या.

मावशीने माइक बाबांच्या तोंडाशी धरला. "बोला. टेप खोटी आहे."

"टेप... खोटी आहे."

"मागे ऐकू गेलं नाही. फुंकरीने काही होत नाही."

"फुंकरीने काही होत नाही!"

"मी पोरींना उपाशी मारलं."

बाबांनी हात जोडले. "ताई, दया करा."

"आधी बोला."

घामाने निथळत ते बोलले. मावशीने पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदाही. बाबांचा आवाज फुटला तेव्हा तिला बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

मग तिने माइक स्वतःकडे घेतला. "बायांनो, मीही काही शहाणी नाही. माप घेताना 'यंदा कापड जास्त लागेल गं' असं मीच भाचीला हसत म्हणाले होते. चुकलंच माझं. पण तुम्ही एवढं करा. कुणी चमत्कार दाखवला की त्याची टेप हातात घ्या, घरच्या टेपेशी ताडून बघा. अंगाची काळजी वाटली तर डॉक्टरकडे जा. आणि कुणी आकडा सांगून लाज वाटायला लावली, तर त्याला विचारा, यात तुझा काय फायदा?"

कुणीतरी फोन केला होता, पोलीस आले. शिक्षिकेने पहिली तक्रार लिहून दिली, तिच्यामागे रांग लागली. बाबांना बाहेर नेताना एक हवालदार हळूच मावशीला म्हणाला, "म्हातारा रडतोय हो. जरा जास्तच झालं नाही?"

"भाची अजून चमच्याने पेज पितेय," मावशी म्हणाली. "ती ताटावर बसली की या विचारायला."